रक्तगटावरून हाडांची ताकद कळते का?

‘ओ गटवाल्यांची हाडं म्हातारपणीही मजबूत, बाकीच्यांनी जपावं’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. रक्त हाडांतल्या मज्जेतच तयार होतं, त्यामुळे तो पटणं स्वाभाविक आहे. पण रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करा-रेणूंची ठेवण. हाड झिजवणाऱ्या आणि नवं घडवणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांच्यावर हुकूम चालतो तो संप्रेरकं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हालचालीचा. म्हणूनच पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, गट कोणताही असो.

पडताळायचं कसं? अस्थिभंगाचा धोका मोजताना डॉक्टर वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, धूम्रपान, स्टेरॉइडच्या गोळ्या हे विचारतात. रक्तगट विचारत नाहीत. हाडांची घनता कळते डेक्सा या क्ष-किरण तपासणीत: टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती कमी-जास्त, तो आकडा) -2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार.

मला काळजी वाटते ती ‘आपला गट चांगला’ म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांची. हाड विरळ होताना दुखत नाही. बरेचदा पहिली खबर फ्रॅक्चरच देतं. 65 ओलांडलेल्या स्त्रियांनी डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.