स्क्रीनवर उजळ, कागदावर काळवंडलेला

घरच्या कॉम्प्युटरवर झकास दिसणारा कृष्णधवल फोटो प्रिंटरमधून काळवंडून निघाला की आपण शाईला बोल लावतो, नाहीतर कागदाला. हे भांडण मात्र कॉम्प्युटरच्या आधीपासूनचं आहे.

गिरगावातल्या चाळीत मोरीच्या खिडकीला काळं कापड ठोकून डार्करूम करणाऱ्यांचा पहिला धडा असायचा: ओल्या प्रिंटवर भाळू नकोस. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढलेला प्रिंट पाण्याखाली तुकतुकीत दिसतो आणि वाळला की छटाभर गडद होतो. म्हणून मुरलेली माणसं एक्सपोजर किंचित कमी द्यायची, किंवा टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीची कागदाची पट्टी, आधी पूर्ण वाळवून घ्यायची. मुंबईच्या जुलैत ती वाळणार कधी? पंख्याखाली धरून बसायचं. कॉन्ट्रास्ट बदलायचा तर बोरा बाजारातून दुसऱ्या ग्रेडच्या, म्हणजे वेगळ्या कॉन्ट्रास्टच्या, कागदाचं पाकीट. एकाच कागदावर हवा तो कॉन्ट्रास्ट देणारा इलफर्डचा मल्टिग्रेड कागद १९४० पासून होता, पण ‘इंदू’ या देशी कागदाच्या ठरावीक ग्रेडवरच हात बसलेले पुष्कळ होते.

तेव्हा एक सोय मात्र होती. निगेटिव्ह उलटी, त्यामुळे फोटो पहिल्यांदा दिसायचा तो कागदावरच. तुलना करायला दुसरा फोटो नव्हताच. तो आणला स्क्रीनने, आणि तोही आतून प्रकाश फेकणारा.

नव्वदीतले काचेचे मॉनिटर बहुतेकदा ९३०० केल्विनवर, म्हणजे निळसर पांढऱ्यावर, लावलेले यायचे. त्यांचा पांढरा म्हणजे उजाल्यात बुडवलेलं धोतर. त्यात मॅकचा गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या त्याचा आकडा, १.८ आणि विंडोजचा २.२. घरच्या पीसीवर केलेला फोटो फोर्टातल्या डीटीपीवाल्याच्या मॅकवर उघडला की फिका दिसायचा, आणि दोघेही आपापल्या जागी खरे. ही भाषा एक करायला १९९३ मध्ये आयसीसी ही संस्था स्थापन झाली आणि प्रत्येक यंत्र रंग कसे दाखवतं ते सांगणारी प्रोफाइल आली. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे स्क्रीनच्या रंगांचं सामाईक मानक मांडलं. मॅक २.२ गॅमावर आला तो थेट २००९ मध्ये.

एसआरजीबीतला एक आकडा फारसा कुणी बघत नाही, आणि माझ्या मते मूळ दुखणं तिथेच आहे. त्यात मॉनिटरची उजळी ८० कँडेला प्रति चौरस मीटर धरली आहे, तीही मंद उजेडाच्या खोलीत. आजचे एलसीडी खोक्यातून निघतानाच अडीचशे-तीनशेवर असतात. एवढ्या लखलखाटात सावल्यांतला तपशील आपोआप दिसतो, म्हणून आपण त्या उचलत नाही. फाइल अंधारीच राहते आणि प्रिंटर इमानदारीने अंधारच छापतो.

त्यातून कागदाची मर्यादा वेगळीच. ग्लॉसी कागदावरच्या काळ्याची डेन्सिटी, म्हणजे गडदपणाचं माप, सव्वादोनच्या आसपास, मॅटवर १.६-१.७. डेन्सिटी २ म्हणजे पडलेल्या प्रकाशातला एक टक्का परत येतो. म्हणजे मॅटवर पांढऱ्या-काळ्यात पन्नासपटीच्या आत-बाहेर फरक उरतो, साध्या एलसीडीवर हजारपट. २००० सालच्या फोटोशॉप ६ मध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कसा दिसेल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय, आलं. त्यात कागदाचा रंग दाखवायला सांगितलं की फोटो राखेसारखा मळकट होतो आणि माणूस घाबरून ते बंद करतो. खरं तर तेच प्रिंटच्या जवळचं असतं.

शाईची गोष्ट आणखी मजेशीर. एकच काळी शाई असली की प्रिंटर करडा रंग निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून करतो. एप्सनच्या २०००पी या सुरुवातीच्या पिगमेंट (रंगकणांच्या शाईच्या) प्रिंटरचे प्रिंट घरातल्या दिव्याखाली ठीक आणि खिडकीच्या उजेडात हिरवट दिसत. २००५ मध्ये त्याच कंपनीच्या आर२४०० मध्ये काळा आणि दोन फिके काळे आले, शिवाय कृष्णधवलसाठी वेगळा मोड, तेव्हा हे बरंच आटोक्यात आलं. लॅबमध्ये मात्र कृष्णधवल फोटो आजही रंगीत कागदावर छापून मिळतो. दादरच्या एका लॅबमधून आणलेल्या माझ्या आजोबांच्या फोटोत त्यांचं पांढरं धोतर चक्क गुलाबी होतं.

मी आता स्क्रीनशेजारी, ज्या दिव्याखाली प्रिंट बघणार त्याच दिव्याखाली, कोरा कागद धरतो आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवतो. प्रिंट रात्रभर वाळू देतो आणि मगच फाइलशी ताडून बघतो. तोवर घरातल्या कुणीतरी “स्क्रीन गेली वाटतं” म्हणत ब्राइटनेस पुन्हा वर नेलेला असतो.