ब्रँड इन्स्पेक्टर: नेमायचे कोणी आणि पगार कुठून द्यायचा

ब्रँड इन्स्पेक्टर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत गुरांवरचा ब्रँड किंवा डाग, म्हणजे तापवलेल्या लोखंडाने कातडीवर उमटवलेली मालकीची खूण, बघून जनावर खरंच विकणाऱ्याचंच आहे का ते तपासणारा माणूस. आपल्याकडे जनावराला डागतात ते बहुतेक दुखण्यावर उपाय म्हणून, तिकडे मात्र डाग म्हणजे जनावराचा सातबाराच. तो सरकारदरबारी नोंदवावा लागतो, ठरावीक वर्षांनी नोंद चालू ठेवायची फी भरावी लागते.

आता कोणाचंही जनावर अडवायचं, दाखला दिल्याशिवाय ट्रक हलू द्यायचा नाही, संशय आला तर विक्रीचे पैसे रोखून ठेवायचे, एवढा अधिकार ज्याच्या हातात द्यायचा तो माणूस नेमणार कोण आणि त्याचा पगार कोणाच्या खिशातून जाणार, हा या सगळ्या प्रकारातला खरा कळीचा प्रश्न. आणि तो किती चिघळू शकतो हे वायोमिंग राज्यात दिसलं. तिथे आधी इन्स्पेक्टर ठेवायची ती वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन, म्हणजे बड्या कळपवाल्यांची संघटना. १८८४ च्या मॅव्हरिक कायद्याने मोकळ्या कुरणात सापडलेलं बिनडागाचं वासरू संघटनेच्या ताब्यात जायला लागलं, त्याचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून इन्स्पेक्टरांचा खर्च निघायचा. म्हणजे वासरू कोणाचं हे ठरवणाराही तोच आणि त्यातून पगार निघणाराही तोच! छोटे शेतकरी चिडले नसते तरच नवल. पुढे काम सरकारी मंडळाकडे गेलं खरं पण माणसं आणि वजन जुन्यांचंच राहिलं, १८९१ साली मंडळाने ज्यांना चोर ठरवलं त्यांची गुरं इन्स्पेक्टरांनी बाजारात अडवून विकली, मालकी सिद्ध करायचं ओझं ज्याची गुरं गेली त्याच्याच डोक्यावर. त्यानंतर एप्रिल १८९२ मध्ये बड्या लोकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणून तिथल्याच जॉन्सन काउंटीवर (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) चाल केली, दोन माणसं मारली, मग लोकांनीच त्यांना एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, घेरलं आणि शेवटी घोडदळाने येऊन त्यांना सोडवलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. या टोळीतला फ्रँक कँटन आधी संघटनेचाच इन्स्पेक्टर होता.

आज बहुतेक राज्यांत हे काम सरकारी मंडळाकडे आहे. तरी पैसा मात्र सहसा पशुपालकांकडूनच येतो. कोलोरॅडोत गव्हर्नरने नेमलेलं पाच जणांचं मंडळ आहे आणि सगळा खर्च तपासणीच्या आणि ब्रँडच्या फीमधून निघतो. मोंटानात दर जनावरामागे वर्षाला कर भरावा लागतो, गाय-घोडा-मेंढी तर आहेच पण कोंबड्या आणि मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा त्यात मोजतात. आयडाहोत हा विभाग राज्य पोलिसांखाली येतो. न्यू मेक्सिकोत पशुधन मंडळाच्या इन्स्पेक्टरला पोलिसांसारखे अधिकार असतात.

टेक्सासची गोष्ट वेगळी. तिथे ब्रँड काउंटी क्लार्ककडे, म्हणजे काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवतात आणि बाजारातली तपासणी १८७७ साली स्थापन झालेली कॅटल रेझर्स असोसिएशन करते, म्हणजे खाजगी संघटनाच. ते चालतं कारण गुरांच्या बाजारांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायद्यानुसार कृषिमंत्री एखाद्या राज्यातल्या सरकारी खात्याला किंवा रीतसर पशुपालक संघटनेला फी घ्यायची परवानगी देऊ शकतो, पण एका राज्यात एकालाच, आणि फी बाजारातला दलाल विक्रीच्या पैशातून कापून पोचवतो. संघटनेच्या स्पेशल रेंजर्सना, म्हणजे तपास करणाऱ्या माणसांना, पोलिसी अधिकार राज्याकडून मिळतात, पगार संघटनेचा. वायोमिंगचा अनुभव बघता हे जरा विचित्रच वाटतं, पण तिथे ते रुळलंय.

प्रत्यक्ष काम धुळीचं आणि चिकाटीचं. जनावर अरुंद गल्लीतून एकेक पुढे सरकवतात, इन्स्पेक्टर डाग वाचतो, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. थंडीत केस वाढले की डाग दिसत नाही, मग मशीनने ते कापून बघावं लागतं. जुन्या खुणेवर नवी रेघ ओढून दुसराच ब्रँड बनवण्याची चलाखी जुनी आहे, म्हणून नवखा माणूस इथे फारसा उपयोगाचा नाही. कोलोरॅडोत मालक बदलताना, राज्याबाहेर नेताना, कत्तलीआधी आणि ७५ मैलांपेक्षा लांब नेतानासुद्धा तपासणी लागते, त्यामुळे इन्स्पेक्टरला रँचोरँच फिरावं लागतं.

कानातला बिल्ला असताना डाग कशाला, असं विचारणारेही आहेत. आपल्याकडे गाईगुरांच्या कानात बारा आकडी बिल्ला असतोच, अमेरिकेतही नोव्हेंबर २०२४ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ठरावीक गुरांना इलेक्ट्रॉनिक वाचता येणारा बिल्ला लागतो. पण तो रोगाचा माग काढायला, मालकी ठरवायला नाही. शिवाय बिल्ला कापून फेकता येतो.

वाद सगळ्यात जास्त नेब्रास्कात. तिथे ब्रँड कमिटीची, म्हणजे राज्याच्या ब्रँड मंडळाची, तपासणी राज्याच्या पश्चिम भागातच सक्तीची, पूर्वेला नाही, म्हणजे रेषेच्या अलीकडे फी आणि पलीकडे मोकळं. मोठे फीडलॉटवाले, म्हणजे गुरं कुंपणात ठेवून खाऊ घालून पुष्ट करणारे, म्हणतात आमची गुरं कुंपणात, चोरीला जाणार कुठे, मग आम्ही का भरायचं? रँचवाले म्हणतात चोरलेलं जनावर शेवटी तुमच्याच दारात येतं. २०२१ साली कायदा बदलून फी दर जनावरामागे ८५ सेंटवर आणली, तरी भांडण मिटलेलं नाही.