बोअर युद्धविरोध, ब्रिटनमधील

दक्षिण आफ्रिकेतील बोअर, म्हणजे प्रामुख्याने डच वंशाचे वसाहतवाले, यांची ट्रान्सव्हाल व ऑरेंज फ्री स्टेट ही दोन प्रजासत्ताके आणि ब्रिटन यांच्यातील दुसऱ्या बोअर युद्धाच्या काळात (११ ऑक्टोबर १८९९–३१ मे १९०२) खुद्द ब्रिटनमध्ये त्या युद्धाविरुद्ध उभा राहिलेला राजकीय पक्षोपपक्षांचा, वृत्तपत्रांचा आणि संघटनांचा प्रवाह. यातील लोकांना ‘प्रो-बोअर’ म्हणजे बोअरपक्षीय म्हटले जाई. संसदेत हा गट कायम अल्पसंख्य राहिला. युद्ध थांबवणे त्याला जमले नाही, पण ते कसे लढले जात आहे हे त्याने ब्रिटिश जनतेसमोर आणले. या नोंदीत युद्धाच्या लष्करी घडामोडींपेक्षा त्या वादाचाच विचार केला आहे.

संज्ञा : ‘प्रो-बोअर’ हा शब्द १८९९ च्या शरदात सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांतून रूढ झाला असे सामान्यतः मानले जाते. ती विरोधकांनी दिलेली शिवी होती. शत्रूचे हस्तक हा अर्थ त्यात गृहीत होता. ज्यांना उद्देशून तो वापरला गेला त्यांपैकी बोअर प्रजासत्ताकांचा विजय व्हावा असे उघडपणे म्हणणारे थोडेच होते, आणि त्यांत आयरिश राष्ट्रवादी प्रमुख होते. मायकेल डेव्हिट यांनी युद्धाच्या निषेधार्थ ऑक्टोबर १८९९ मध्ये संसदसदस्यत्वाचा राजीनामा दिला. बाकीच्यांचे भांडण बोअरांसाठी नव्हते, इंग्लंडच्या वर्तनाविषयी होते. त्यामुळे काही अभ्यासक ‘युद्धविरोधक’ ही संज्ञा पसंत करतात आणि ती अधिक न्याय्य आहे. मात्र लिबरल संसदसदस्य लॉइड जॉर्ज यांच्यासारख्यांनी शिवी अंगावर घेऊन मिरवली, म्हणून जुना शब्दही पूर्णपणे टाकता येत नाही.

पार्श्वभूमी : ट्रान्सव्हालमधील विटवॉटर्सरँड येथे १८८६ मध्ये सोने सापडले आणि तेथे परदेशी रहिवाशांची (‘आउटलँडर’) गर्दी झाली. त्यांच्या मताधिकाराचा प्रश्न, १८९५ च्या अखेरीस ट्रान्सव्हालचे सरकार उलथवण्यासाठी झालेली जेम्सनची फसलेली चढाई आणि मे-जून १८९९ मध्ये ऑरेंज फ्री स्टेटची राजधानी ब्लूमफाँटेन येथे दोन्ही बाजूंत झालेली निष्फळ बोलणी हा क्रम परिचित आहे. ९ ऑक्टोबर १८९९ रोजी ट्रान्सव्हालचे अध्यक्ष क्रूगर यांनी ब्रिटनला निर्वाणीचा खलिता दिला. या खलित्यामुळे विरोधकांची मोठी अडचण झाली. युद्ध वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन आणि उच्चायुक्त आल्फ्रेड मिल्नर यांनी लादले, असे त्यांचे म्हणणे होते. पण पहिली मुदत घातली ती बोअरांनी.

युद्धाचे मूळ कारण कोणते, यावर शंभरावर वर्षे वाद चालू आहे. ‘मँचेस्टर गार्डियन’चे वार्ताहर म्हणून १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलेले जे. ए. हॉब्सन यांनी खाणमालक आणि वित्तदार यांच्या हितसंबंधांवर बोट ठेवले. तेथूनच साम्राज्यवादाचा त्यांचा पुढचा प्रसिद्ध सिद्धान्त आकाराला आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक इतिहासकारांनी कागदपत्रांच्या आधारे राजकीय कारणांना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश वर्चस्वाला, अधिक वजन दिले आणि मिल्नर यांची भूमिका निर्णायक ठरवली. हे दुसरे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते. तरी सोन्याशिवाय त्या वर्चस्वाला एवढे मोल आले नसते, हे विसरता येत नाही. हॉब्सन आणि जॉन बर्न्स यांच्यासह काही विरोधकांनी जोहान्सबर्गच्या ज्यू वित्तदारांवर जे लिहिले-बोलले, त्यात उघड वंशद्वेष होता. हा या चळवळीवरचा डाग आहे आणि तो सौम्य करून सांगणे योग्य नाही.

गट आणि संघटना : लिबरल पक्ष युद्धामुळे तीन ठिकाणी फुटला. रोझबरी, अ‍ॅस्क्विथ, ग्रे आणि हॉल्डेन हे ‘लिबरल साम्राज्यवादी’ सरकारच्या बाजूला झुकले. मॉर्ली, लॉइड जॉर्ज, हेन्री लाबुशेअर, विल्फ्रिड लॉसन हे उघड विरोधात गेले. फेब्रुवारी १८९९ पासून पक्षनेते असलेले हेन्री कॅम्बेल-बॅनरमन या दोहोंच्या मध्ये उभे होते. २५ जुलै १९०० रोजी लॉसन यांच्या युद्धविरोधी प्रस्तावावर मतदान झाले तेव्हा ३१ लिबरल सदस्य प्रस्तावाच्या बाजूने, ४० सरकारच्या बाजूने गेले आणि नेत्यासह ३५ जण तटस्थ राहिले. एका पक्षाची अशी फाळणी संसदेच्या इतिहासात फार कमी वेळा दिसते.

संसदेबाहेर लेनर्ड कोर्टनी यांच्या अध्यक्षतेखालील ‘दक्षिण आफ्रिका समेट समिती’ ही मवाळ, पत्रकांवर आणि युक्तिवादांवर भर देणारी संस्था होती. पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांच्या ‘युद्ध थांबवा समिती’चा सूर धार्मिक आणि जहाल होता. कोर्टनी स्वतः लिबरल युनियनिस्ट, म्हणजे सत्तारूढ आघाडीतले. युद्धाला विरोध केल्याने त्यांचे संसदेतील आयुष्य संपले. फेबियन समाजवाद्यांनी युद्धावर मत द्यावे की नाही यावरच सभासदांचे मतदान घेतले आणि २५९ विरुद्ध २१७ मतांनी गप्प राहायचे ठरवले. त्यावर रॅम्से मॅक्डॉनल्ड आदी बाहेर पडले. वृत्तपत्रांत सी. पी. स्कॉट यांचे ‘मँचेस्टर गार्डियन’ हा मुख्य आधार होता. ‘डेली क्रॉनिकल’चे संपादक मॅसिंगहॅम यांना युद्धविरोधामुळे १८९९ मध्ये खुर्ची सोडावी लागली. जानेवारी १९०१ मध्ये लॉइड जॉर्ज यांच्या खटपटीने आणि जॉर्ज कॅडबरी यांच्या पैशाने ‘डेली न्यूज’ विकत घेतले गेले, तेव्हा लंडनमध्ये या बाजूला एक मोठे दैनिक मिळाले.

सभा आणि दंगली : ट्रफाल्गर चौकातील २४ सप्टेंबर १८९९ ची सभा जमावाने उधळली. मार्च १९०० मध्ये स्कारबरो येथे केप वसाहतीतून आलेल्या एका वक्त्याच्या स्वागतावरून दंगल होऊन सैनिक बोलवावे लागले. १८ डिसेंबर १९०१ रोजी लॉइड जॉर्ज चेंबरलेन यांच्या बालेकिल्ल्यात, बर्मिंगहॅमच्या नगरभवनात, बोलायला उभे राहिले. बाहेर हजारोंचा जमाव होता. दगडविटांनी खिडक्यांच्या काचा फुटत होत्या. वक्त्याला पोलिसाची टोपी आणि झगा घालून, पोलिसांच्या रांगेत मिसळून बाहेर काढावे लागले. त्या रात्री एक तरुण मृत्युमुखी पडला. काही वृत्तान्तांत मृतांची संख्या दोन दिली आहे.

‘खाकी निवडणूक’ (सैनिकी गणवेशाच्या रंगावरून पडलेले नाव) : ट्रान्सव्हालची राजधानी प्रिटोरिया पडल्यावर युद्ध जिंकल्यात जमा आहे असे समजून सॉल्झबरी सरकारने सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर १९०० मध्ये निवडणूक घेतली. सरकारविरुद्ध दिलेले मत म्हणजे बोअरांना दिलेले मत, असा प्रचाराचा रोख होता. सत्तारूढ आघाडीला ४०२ जागा मिळाल्या. हा युद्धाला मिळालेला प्रचंड कौल, असे दीर्घकाळ लिहिले गेले. ते तपासून घ्यावे लागते. १८९५ मध्ये याच आघाडीला ४११ जागा होत्या. मतांचा वाटा निम्म्याहून किंचितच अधिक होता. आणि अनेक मतदारसंघांत लढतच झाली नाही. लॉइड जॉर्ज यांनी कारनार्व्हनची जागा २९६ मतांनी राखली आणि युद्धविरोधी कामगार नेते केअर हार्डी मर्थरमधून निवडून आले.

कामगारवर्ग युद्धज्वराने पेटला होता का, हा याच्याशी निगडित प्रश्न. बोअरांनी वेढलेल्या माफेकिंग या गावाच्या सुटकेनंतर (१७ मे १९००) ब्रिटनमधील रस्त्यांवर जो जल्लोष झाला त्यावरून हॉब्सन यांनी जमावाच्या उन्मादाचे सूत्र मांडले. १९७२ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी ते खोडले. जल्लोष करणाऱ्यांत कारकून आणि मध्यमवर्गीय तरुण अधिक होते, कामगारांच्या क्लबांत युद्धाविषयी बरीच उदासीनता होती, आणि सैन्यभरतीचा संबंध बेकारीशी होता, असे त्यांनी दाखवले. प्राइस यांची मांडणी पूर्णतः टिकली नसली तरी जुन्या चित्रापेक्षा ती पुराव्याला धरून आहे.

छावण्या : गनिमी काव्याला तोंड देण्यासाठी ब्रिटिश सैन्याने सुमारे ३०,००० शेतघरे जाळली आणि बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत आणून ठेवले. सरकारी कागदांत त्यांचे नाव ‘निर्वासित छावण्या’ असे होते. मराठीत रूढ असलेल्या ‘छळछावणी’ या शब्दात नंतरच्या जर्मनीचा अर्थ मिसळलेला असल्याने येथे ‘छावणी’ हाच शब्द ठेवला आहे. ‘कॉन्सन्ट्रेशन कँप’ ही इंग्रजी संज्ञा मार्च १९०१ मध्ये सी. पी. स्कॉट आणि जॉन एलिस या लिबरल सदस्यांनी संसदेत वापरली, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. तिच्या मुळाशी क्यूबातील स्पॅनिश सेनापती वेलर यांचे १८९६ चे ‘रेकॉन्सेन्त्रासिऑन’ धोरण होते. त्या क्रौर्यावर ब्रिटिश वृत्तपत्रांनीच टीकेचे आसूड ओढले होते, म्हणून हा शब्द निवडण्यात मुद्दाम डिवचणे होते असे मानता येते. दुसऱ्या मतानुसार लष्करी भाषेत लोकसंख्या ‘एकत्रित करणे’ हे क्रियापद आधीच होते आणि संज्ञा त्यातून सहज घडली. दोन्ही कारणे एकत्र असणे अशक्य नाही. पण क्यूबाची आठवण त्या वेळी ताजी होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

समेट समितीच्या महिला शाखेच्या चिटणीस एमिली हॉबहाउस या डिसेंबर १९०० मध्ये केपटाउनला पोहोचल्या. त्यांचे चुलते लॉर्ड हॉबहाउस १८७२–७७ मध्ये भारतात व्हाइसरॉयच्या मंडळात विधिसदस्य होते आणि अफगाण धोरणाच्या विरोधात होते. घरात युद्धविरोध नवा नव्हता. मदतीच्या सामानाचा एकच रेल्वे डबा आणि ब्लूमफाँटेनपलीकडे जायचे नाही, या अटींवर त्यांना परवानगी मिळाली. २४ जानेवारी १९०१ रोजी त्या तेथील छावणीत गेल्या. सुमारे २,००० माणसे, त्यांत ९०० वर मुले. आठ माणसांमागे पिण्याला, स्वयंपाकाला, धुण्याला मिळून दोन बादल्या पाणी. मॉडर नदीचे ते पाणी विषमज्वराचे. उकळावे तर सरपण नाही. साबण दिला जात नव्हता. त्यांनी मागितला तेव्हा साबण ही चैनीची वस्तू आहे, असे उत्तर आले. ज्यांचे पुरुष अजून लढत होते त्या कुटुंबांना सुरुवातीला शिधाही कमी मिळे. हा भेद १९०१ च्या आरंभी रद्द झाला.

हे सारे मांडणारा हॉबहाउस यांचा अहवाल जून १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ जूनला हॉबहाउस कॅम्बेल-बॅनरमन यांना भेटल्या. दुसऱ्या दिवशी लंडनमधील भोजनसभेत, आजवर तोलून-मापून बोलणारा हा नेता म्हणाला की दक्षिण आफ्रिकेत चालले आहे ते युद्ध नव्हे, त्या रानटी पद्धती आहेत. अ‍ॅस्क्विथ यांचा गट दुखावला, वृत्तपत्रांनी झोड उठवली, पण पक्षाचे नेतृत्व कॅम्बेल-बॅनरमन यांच्याकडेच राहिले. १७ जूनला लॉइड जॉर्ज यांनी विषय संसदेत आणला. सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली सहा स्त्रियांचा आयोग पाठवला. त्यात हॉबहाउस यांना घेतले नाही आणि ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा गेल्या तेव्हा त्यांना केपटाउनला उतरू दिले नाही. आयोगाने बोअर आयांच्या सवयींवरही ठपका ठेवला. तरी मूळ तक्रारी त्याने खऱ्याच ठरवल्या. ऑक्टोबर १९०१ मध्ये वार्षिक मृत्युदर हजारी ३४४ पर्यंत गेला होता. व्यवस्था मुलकी अधिकाऱ्यांकडे गेल्यावर आणि सुधारणा झाल्यावर फेब्रुवारी १९०२ मध्ये तो हजारी ६९ पर्यंत उतरला. एवढ्या थोड्या महिन्यांत तो उतरवता आला, यावरून आधीचे मृत्यू टाळता आले असते हे उघड आहे. माणसे मारण्याचा हेतू होता असे बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. हेतू नव्हता म्हणून जबाबदारी टळत नाही.

मृतांच्या आकड्यात मतभेद आहेत. ट्रान्सव्हालचे अभिलेखपाल गोल्डमन यांनी बोअर मृतांची संख्या २७,९२७ धरली : सोळा वर्षांखालील मुले २२,०७४, स्त्रिया ४,१७७, पुरुष १,६७६. यातील स्त्रिया व मुले मिळून २६,२५१ होतात. ब्लूमफाँटेनच्या स्मारकावर मात्र २६,३७० असा आकडा कोरला आहे. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. तेथील नोंदलेले मृत्यू १४,१५४ आहेत. नोंदी तुटपुंज्या असल्याने अलीकडचे संशोधक २०,००० किंवा अधिक मृत्यूंचा अंदाज देतात. लंडनमधील वादात या छावण्यांचा उल्लेख जवळपास नाही. दोन्ही बाजूंना हे गोऱ्या माणसांचे युद्ध वाटत होते.

भारताशी संबंध : दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीत मो. क. गांधी यांनी सुमारे १,१०० भारतीयांचे शुश्रूषापथक उभे केले. त्यांत सुमारे ८०० गिरमिटिये होते. आपली सहानुभूती बोअरांकडे होती, पण ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्य करणे भाग होते, असे त्यांनी नंतर लिहिले. हजारो बोअर युद्धकैदी भारतात आणून ठेवले गेले. महाराष्ट्रात अहमदनगर येथे त्यांची एक छावणी होती.

परिणाम : युद्धावर ब्रिटनचे २० कोटी पौंडांहून अधिक खर्च झाले आणि सुमारे २२,००० सैनिक मेले, त्यांतील बहुसंख्य रोगाने. डिसेंबर १९०५ मध्ये कॅम्बेल-बॅनरमन पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने ट्रान्सव्हाल व ऑरेंज नदी वसाहतीला स्वराज्य दिले आणि १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघ निर्माण झाला. बोअरांशी झालेल्या या समेटाची किंमत कृष्णवर्णीयांनी मोजली : जुन्या बोअर प्रजासत्ताकांच्या प्रदेशात त्यांना मताधिकार मिळाला नाही.

१६ डिसेंबर १९१३ रोजी ब्लूमफाँटेनच्या महिला स्मारकाचे अनावरण झाले. प्रकृती बिघडल्याने हॉबहाउस यांना वाटेतूनच परतावे लागले. त्यांनी पाठवलेल्या भाषणात एक प्रश्न होता : जो कलह त्यांचा नव्हताच त्यापायी छावण्यांत मेलेल्या हजारो कृष्णवर्णीयांचे स्मरण आज न्यायाने करायला नको का? १९२६ मध्ये त्यांच्या अस्थी त्याच स्मारकाच्या पायथ्याशी ठेवण्यात आल्या.