विम्बल्डन: लीगमधली जागा नेमकी कोणाची?

एएफसी विम्बल्डन हा लंडनमधला, समर्थकांनी उभारलेला फुटबॉल क्लब. त्याच्या हंगामांचा तक्ता २००२-०३ पासून सुरू होतो, तोही थेट इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून. जुन्या विम्बल्डन क्लबने एफए चषक, म्हणजे इंग्लंडमधली क्लबांची मुख्य बाद स्पर्धा, जिंकला तो १९८८ मध्ये. मधल्या चौदा वर्षांत काय घडले हे समजल्याशिवाय पुढचे आकडे नीट वाचता येत नाहीत, आणि त्या चौदा वर्षांतही सगळे वजन पडते ते २८ मे २००२ या एका तारखेवर, जुन्या क्लबला गाव सोडायला परवानगी मिळाली त्या दिवसावर.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. जुन्या क्लबची स्थापना १८८९ ची, प्लाऊ लेन हे मैदान १९१२ पासूनचे, हौशी संघांचा चषक १९६३ चा. सदर्न लीग ही खालची स्पर्धा सलग तीनदा जिंकल्यावर १९७७ मध्ये फुटबॉल लीगचे, म्हणजे तेव्हाच्या वरच्या चार श्रेणींचे, दार उघडले. तेव्हा खालून वर येण्याचा सरळ मार्ग नव्हता. लीगमधले क्लब मतदान करत, आणि त्या वर्षी त्यांनी वर्किंग्टनला बाहेर काढून विम्बल्डनला आत घेतले. म्हणजे लीगमधली जागा इतर क्लबांनी दिलेली होती, विकत घेतलेली नव्हती. हा मुद्दा पुढे कामाला येतो. नंतरच्या नऊ हंगामांत दोनदा घसरूनही क्लब चौथ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत पोहोचला.

घसरणीची सुरुवात मैदानापासून झाली. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर सगळ्या प्रेक्षकांना बसायला आसने हवीत, असा नियम आला. प्लाऊ लेनवर ते जमणार नाही असे ठरवून १९९१ मध्ये क्लब सेलहर्स्ट पार्कला, क्रिस्टल पॅलेसचा भाडेकरू म्हणून गेला. व्यवस्था तात्पुरती म्हणून झाली आणि बारा वर्षे टिकली. दरम्यान प्लाऊ लेनची जमीन खेळासाठीच राखणारी पालिकेची अट पैसे घेऊन सोडून देण्यात आली आणि १९९८ मध्ये जमीन एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. परतायला जागाच उरली नाही. १४ मे २००० रोजी, चषक जिंकल्याला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, साउदम्प्टनमध्ये ०-२ हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. मोठे पगार तेच राहिले, टीव्हीचे उत्पन्न मात्र आटले.

ऑगस्ट २००१ मध्ये मालकांनी मिल्टन कीन्सला जाण्याचा बेत जाहीर केला. अंतर सुमारे ९० किलोमीटर. या नियोजित शहरात लीगचा एकही क्लब नव्हता, आणि तिथल्या विकासकांना स्टेडियमसाठी तयार संघ हवा होता. लीगच्या मंडळाने एकमताने नकार दिला. क्लब लवादाकडे गेला. लवादाने स्थलांतराला मंजुरी दिली नाही. मंडळाने प्रकरणाचा पुरेसा विचार केला नाही, तो पुन्हा करावा, एवढेच सांगितले. हा फरक बऱ्याच लिखाणात गळतो, आणि मग निकाल कायद्याने अटळ होता असा समज होतो. तो अटळ नव्हता. मंडळाने स्वतः पुन्हा नकार देण्याऐवजी प्रश्न तीन सदस्यांच्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवला आणि आयोगाने २ विरुद्ध १ मतांनी परवानगी दिली.

बहुमताचा युक्तिवाद दोन पायांवर उभा होता. एक, परवानगी नाकारली तर क्लब दिवाळखोरीत जाणार. दोन, परिस्थिती इतकी अपवादात्मक आहे की यातून पायंडा पडणार नाही. समर्थक म्हणत होते की क्लब बुडालाच तर तो आम्ही तळापासून पुन्हा उभारू. त्यावर आयोगाने नोंदवले की तसे करणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे ठरणार नाही. हे वाक्य विम्बल्डनच्या समर्थकांना आजही तोंडपाठ आहे.

पहिला पाया वर्षभरात ढासळला. परवानगी मिळूनही २००२-०३ चा पूर्ण हंगाम जुना क्लब सेलहर्स्ट पार्कलाच खेळला, कारण मिल्टन कीन्समध्ये मैदान तयार नव्हते. समर्थकांनी पाठ फिरवली. ऑक्टोबरमधल्या रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला ८४९ प्रेक्षक होते. जून २००३ मध्ये क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि स्थलांतर झाले सप्टेंबर २००३ मध्ये. ज्या दिवाळखोरीच्या भीतीने परवानगी दिली ती आधी आली, नवे गाव नंतर. २००३-०४ मध्ये तो संघ २९ गुणांसह तळाला राहिला, एक श्रेणी खाली आला आणि २००४ च्या उन्हाळ्यात त्याचे नाव बदलून मिल्टन कीन्स डॉन्स झाले.

दुसरा पाया, म्हणजे पायंडा पडणार नाही हा, टिकला असे म्हणता येईल. पण त्याचे श्रेय आयोगाला जात नाही. प्रकरण एवढे अंगाशी आले की दुसऱ्या कोणी ते धाडस केले नाही. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. लीगमधली जागा गुणांनी मिळते आणि गुणांनीच जाते, तर ती गावापासून सोडवून दुसरीकडे नेण्याचा हक्क मालकाला कुठून आला? मिल्टन कीन्सला क्लब हवा होता हे खरेच आहे, आणि त्यांनी तो तळापासून घडवला असता तर कुणाची तक्रार नसती. त्या शहरातल्या आजच्या प्रेक्षकांचा यात दोष नाही.

आयोगाच्या निकालानंतर काही दिवसांतच समर्थकांनी नव्या क्लबची, एएफसी विम्बल्डनची, घोषणा केली. २९ जून २००२ रोजी विम्बल्डन कॉमनवर खुली निवड चाचणी झाली आणि सुमारे २३० खेळाडू आले. १० जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना ०-४ गेला, पण तो पाहायला ४,६५७ लोक होते. प्रवेश मिळाला तो नवव्या पायरीवरच्या कंबाइन्ड काउंटीज लीगमध्ये, जिथे एरवी सामन्याला शे-दीडशे माणसे जमायची. नव्या क्लबची पहिल्या हंगामातली सरासरी ३,००० च्या घरात गेली, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या जुन्या क्लबपेक्षाही जास्त. घरचे मैदान किंग्स्टनमधले किंग्समेडो, ज्याचा ताबा २००३ मध्ये विकत घेतला गेला.

२००२-०३ मध्ये १११ गुण मिळवूनही तिसरा क्रमांक आला आणि बढती हुकली. २००३-०४ मध्ये ४६ पैकी ४२ विजय, ४ बरोबरी, पराभव एकही नाही. १८० गोल केले, ३२ स्वीकारले, गुण १३०. २००४-०५ मध्ये इस्थमियन लीगची पहिली श्रेणी जिंकली. याच काळात लीगमधले सलग ७८ सामने न हरण्याचा इंग्लिश वरिष्ठ गटाच्या फुटबॉलमधला विक्रम झाला. ही मालिका फेब्रुवारी २००३ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये क्रे वॉंडरर्सने २-० ने तोडली.

मग गाडी अडकली. इस्थमियन प्रीमियर या त्याच लीगच्या वरच्या श्रेणीतून थेट बढती फक्त विजेत्याला, आणि प्ले-ऑफमधून, म्हणजे त्याच्या मागच्या संघांतल्या बाद सामन्यांतून, आणखी एकाला. २००५-०६ मध्ये चौथा क्रमांक, २००६-०७ मध्ये पाचवा, दोन्ही वेळा उपांत्य फेरीत पराभव. दुसऱ्या वर्षी तर हंगाम कागदपत्रांवरून उधळायची वेळ आली होती. एक खेळाडू वेल्सच्या क्लबकडून आला होता. वेल्सची फुटबॉल संघटना वेगळी असल्याने तो बदल आंतरराष्ट्रीय ठरतो आणि त्यासाठी वेगळे मंजुरीपत्र लागते. ते घेतलेच नव्हते. त्या खेळाडूने खेळलेल्या ११ सामन्यांतले मिळून १८ गुण कापले गेले, शिवाय लीगबाहेरच्या क्लबांच्या एफए ट्रॉफी या चषकातूनही बाहेर काढले. चूक क्लबचीच होती, पण शिक्षा तिच्या मानाने अवाच्या सवा होती. प्रश्न संसदेपर्यंत गेला आणि अपिलात १८ चे ३ गुण झाले. तसे झाले नसते तर त्या वर्षी प्ले-ऑफचा प्रश्नच उरला नसता. २०१३-१४ मध्येही अपात्र खेळाडू उतरवल्याबद्दल तीन गुण गेलेच. छोट्या क्लबांत नोंदणीचे काम एखाददोन माणसांवर असते, आणि गुण असेच गळतात.

२००७-०८ मध्ये तिसरा क्रमांक, आणि प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात स्टेन्सला पिछाडीवरून २-१ ने हरवले. २००८-०९ मध्ये सहाव्या पायरीवरची कॉन्फरन्स साउथ ८८ गुणांनी जिंकली. २००९-१० मध्ये पाचव्या पायरीवर आठवा क्रमांक. २०१०-११ मध्ये ९० गुण, तरी दुसराच. क्रॉलीने १०५ केले होते. पुन्हा प्ले-ऑफ. उपांत्य फेरीत फ्लीटवुडला दोन सामने मिळून ८-१ ने धुतले आणि २१ मे २०११ ला मँचेस्टरमध्ये ल्यूटनविरुद्ध १२० मिनिटे ०-० राहिल्यावर पेनल्टींवर ४-३ ने जिंकले. नऊ हंगामांत पाचवी बढती, आणि लीगमधली जागा या वेळी पायरी-पायरीने कमावलेली.

जुन्या क्लबचे चषक आणि सन्मान कोणाचे, हा वाद तोवर मिटला होता. २००६ च्या समझोत्यानंतर मिल्टन कीन्सने त्यावरचा दावा सोडला आणि ऑगस्ट २००७ मध्ये ते विम्बल्डनच्या भागातल्या मर्टन पालिकेकडे आले. ‘डॉन्स’ हे विम्बल्डनचे टोपणनाव मात्र मिल्टन कीन्सने ठेवले, आणि ती सल अजून आहे.

लीगमधली वर्षे बहुतेक तळाशी झुंजण्यात गेली. २०१२-१३ मध्ये शेवटच्या दिवशी फ्लीटवुडला २-१ ने हरवून जागा वाचली. २०१५-१६ मध्ये सातव्या क्रमांकावरून प्ले-ऑफ, वेम्बलीवर प्लिमथवर २-० विजय आणि लीग वन, म्हणजे तिसरी श्रेणी. २०१८-१९ मध्ये एफए चषकात वेस्ट हॅमला ४-२ ने हरवणारा संघ लीगमध्ये गोलफरकावर तगला: विम्बल्डन आणि प्लिमथ दोघांचे ५० गुण, विम्बल्डनचा फरक उणे २१, प्लिमथचा उणे २४. २०१९-२० मध्ये महामारीने हंगाम अर्धवट थांबला आणि क्रमवारी प्रति सामना सरासरी गुणांवर लावली. विम्बल्डनचे ३५ सामन्यांत ३५ गुण, म्हणजे १.००. ट्रॅनमियरचे ३४ सामन्यांत ३२, म्हणजे ०.९४. एक सामना हातात असलेला आणि शेवटचे तीन जिंकलेला ट्रॅनमियर खाली गेला. त्यांची तक्रार रास्त होती, हे विम्बल्डनच्या बाजूनेही मान्य करायला हवे.

किंग्स्टोनियन या क्लबबद्दलही तेच. किंग्समेडो मूळ त्यांचे घर. २००३ नंतर ते तिथे भाडेकरू झाले आणि नव्या स्टेडियमसाठी पैसा उभारायला विम्बल्डनने मैदान चेल्सीला विकल्यावर २०१७ मध्ये त्यांना बाहेर पडावे लागले.

नवे प्लाऊ लेन जुन्या मैदानापासून अगदी जवळ, पूर्वीच्या ग्रेहाउंड शर्यतींच्या स्टेडियमच्या जागी उभे राहिले. क्षमता नऊ हजारांच्या थोडी वर. बांधकामाचा पैसा कमी पडला तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा देण्याचा पर्याय समोर होता. समर्थकांनी त्याऐवजी रोखे काढून ५० लाख पौंडांहून अधिक जमवले आणि बहुमताची मालकी हातात ठेवली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉन्कास्टरशी २-२ ने पहिला सामना झाला, रिकाम्या स्टँडसमोर.

मालकी राखण्याची किंमत मैदानावरही मोजावी लागली. २०२१-२२ मध्ये डिसेंबरनंतर सलग २७ लीग सामन्यांत विजय नाही. १९ बरोबरी, ३७ गुण, २३ वा क्रमांक आणि चौथ्या श्रेणीत घसरण. पुढच्या वर्षी २१ वा, २०२३-२४ मध्ये दहावा. त्या हंगामात २ मार्च २०२४ ला मिल्टन कीन्सला प्लाऊ लेनवर अगदी अखेरच्या क्षणी १-० ने हरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये वॉंडल नदीच्या पुराने मैदानाला भगदाड पडले आणि न्यूकॅसलविरुद्धचा लीग चषकाचा सामना त्यांच्या मैदानावर हलवावा लागला. तरीही हंगाम पाचव्या क्रमांकावर संपला. प्ले-ऑफमध्ये नॉट्स काउंटीला दोन्ही सामन्यांत १-० ने, आणि २६ मे २०२५ ला वेम्बलीवर वॉलसॉललाही १-० ने हरवून सातवी बढती मिळाली. मिल्टन कीन्स त्याच श्रेणीत १९ वे राहिले, त्यामुळे २०२५-२६ मध्ये हे दोन संघ लीगमध्ये समोरासमोर नाहीत.