बोया आणि जलमार्गखुणा (ठाणे खाडी परिसर)

बोया म्हणजे तळाशी जड वजनाला साखळीने बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण. खडकावर किंवा उथळ तळात खांब रोवून केलेल्या स्थिर खुणाही याच पद्धतीत मोडतात. ठाणे खाडीत हौशी नाविकाला त्यांची गरज विशेष भासते. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो; भरतीला वाशीपासून ऐरोलीपर्यंत काठोकाठ दिसणाऱ्या गढूळ पाण्याच्या जागी सहा तासांनी बरीचशी चिखलाची पठारे उघडी पडतात.

1970 च्या दशकापर्यंत जगभर अशा खुणांच्या तीसहून अधिक पद्धती चालू होत्या. 1971 मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर पाठोपाठ दुसरी जहाजे आदळली आणि एकवाक्यतेची निकड पटली. 1980 मध्ये टोकियो परिषदेत आजची पद्धत ठरली, तीही पूर्ण एक नव्हे. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स ‘ब’ विभागात गेले. भारतासह उरलेले जग ‘अ’ विभागात. दोन्हींत लाल-हिरव्याच्या बाजू नेमक्या उलट आहेत, त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याने तो कुठला आहे हे आधी पाहावे.

भारतात समुद्राकडून बंदरात किंवा खाडीत शिरताना लाल, डब्याच्या आकाराचा बोया डाव्या हाताला आणि हिरवा, शंकूच्या आकाराचा उजव्या हाताला ठेवायचा असतो. पुस्तकात हे सोपे वाटते. पण बेलापूर किंवा नेरूळच्या जेट्टीवरून निघालेली होडी समुद्राकडे चाललेली असते, म्हणजे तिचा दिवस उलट्या नियमाने सुरू होतो: लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. परतताना पुन्हा सुलट. म्हणून ‘लाल डावा’ एवढेच घोकण्यापेक्षा समुद्र कोणत्या दिशेला आहे हे आधी ठरवणे अधिक भरवशाचे. शिवाय अरुंद जलमार्गात होडी आपल्या उजव्या कडेने न्यायची असते. रस्त्यावरची डावीकडून जायची सवय इथे विसरावी लागते. वीस मीटरपेक्षा लहान होडीने चॅनेलमध्येच राहणे भाग असलेल्या जहाजाच्या वाटेत येऊ नये, असाही आंतरराष्ट्रीय नियम आहे. जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारे कंटेनर जहाज चटकन वळतही नाही, थांबतही नाही. पाणी पुरेसे असेल तर लहान होडीने बोयांच्या रांगेच्या किंचित बाहेरून जाणे शहाणपणाचे.

दिशादर्शक बोये काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे असतात आणि धोक्याच्या कोणत्या बाजूला सुरक्षित पाणी आहे ते सांगतात. उत्तरेच्या बोयाच्या उत्तरेकडून जायचे, दक्षिणेच्या दक्षिणेकडून. माथ्यावरच्या दोन शंकूंची टोके नेहमी काळ्या पट्ट्याकडे रोखलेली असतात: दोन्ही वर असतील तर उत्तर आणि काळा वर, दोन्ही खाली तर दक्षिण, काळा खाली. टोके एकमेकांकडे असली तर पश्चिम आणि काळा मध्ये; विरुद्ध दिशांना असली तर पूर्व, काळा वर आणि खाली. रात्री पांढऱ्या दिव्याची लय घड्याळाप्रमाणे चालते. पूर्वेला तीन लुकलुक, दक्षिणेला सहा आणि एक लांब, पश्चिमेला नऊ, उत्तरेला अखंड.

काळ्यावर लाल पट्टे आणि माथ्यावर दोन काळे गोळे ही सुट्या धोक्याची खूण. सभोवार पाणी खोल असते. उभे लाल-पांढरे पट्टे म्हणजे सगळीकडे सुरक्षित पाणी. पिवळा बोया विशेष क्षेत्र दाखवतो आणि निळे-पिवळे उभे पट्टे नुकत्याच उद्भवलेल्या धोक्याची सूचना देतात.

पाम बीच रस्त्याचे आणि पुलांवरचे दिवे पाठीशी असले की बोयाचा दिवा त्यांत हरवतो. रंगावर विसंबू नये. लय मोजून नकाशाशी ताडावी. बोया साखळीच्या लांबीइतका इकडेतिकडे फिरतो, वादळात सरकतोही, म्हणून तो एकटा पुरावा मानू नये. मात्र त्याचा कल आणि त्यामागे उठणारी पाण्याची रेघ प्रवाहाच्या जोराचा अंदाज देतात. बोयाला होडी बांधू नये.

डेहराडूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय सागरी नकाशे आणि खुणांमधले बदल कळवणाऱ्या सूचना प्रसिद्ध करते. 1927 च्या दीपगृह कायद्याची जागा 2021 मध्ये नव्या कायद्याने घेतली; खुणेची नासधूस हा त्याखाली गुन्हा आहे.

या पद्धतीत न बसणाऱ्या खुणाही खाडीत असतात: कोळ्यांचे खुंट, बांबूवरचे झेंडे, थर्माकोलचे ठोकळे, प्लॅस्टिकची पिंपे. नकाशावर त्या सापडत नाहीत. खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्याची पिशवी पाण्याच्या ओढीबरोबर पसरते, त्यामुळे ओढीच्या दिशेला खुंटांपासून बरेच दूर राहावे आणि दोन खुंटांच्या मधून होडी काढू नये. पंख्यात जाळे अडकले तर इंजिनही जाते आणि कोळ्याचे जाळेही. कुठे जाळी लागली आहेत हे निघण्यापूर्वी दिवाळे किंवा सारसोळे या कोळीवाड्यांच्या धक्क्यावर विचारता येते.