मालिका-कलावंतांची परभूमिकांतील ओळख

दूरचित्रवाणी मालिकेतून परिचित झालेला नट किंवा नटी चित्रपटात, दुसऱ्या मालिकेत, जाहिरातीत अथवा जुन्या पुनःप्रक्षेपित कार्यक्रमात वेगळ्या भूमिकेत दिसली असता ती प्रेक्षकाने ओळखणे आणि ती ओळख पडताळून पाहणे. ‘याला कुठेतरी पाहिलंय’ या पहिल्या चुटपुटीपासून ‘अमुक मालिकेतला अमुक’ या निश्चितीपर्यंतचा सगळा व्यवहार येथे अभिप्रेत आहे. ओळख दोन दिशांनी होते. मालिकेनंतरच्या भूमिकेत नट दिसला की ती पुढच्या दिशेची. मालिका गाजल्यावर त्याच नटाची आधीची किरकोळ भूमिका जुन्या चित्रपटात सापडली की ती मागच्या दिशेची. रसिकांना दुसरी अधिक प्रिय असते, कारण चित्रीकरणाच्या वेळी ज्याच्याकडे कुणाचे लक्षही गेले नव्हते, तो चेहरा आता पडद्यावरचा सर्वांत ठळक चेहरा होऊन बसतो.

आरंभ : या सवयीचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तो फिरत्या आणि स्थायी नाटक मंडळ्यांत शोधावा. एकच संच आळीपाळीने अनेक नाटके करी आणि प्रेक्षक कालच्या राजाला आजच्या सेवकाच्या वेषात पाहत. हे खरे असले, तरी नाटकाच्या जाहिरातीत पात्रांपुढे नटांची नावे बहुधा छापलेली असत. म्हणजे तेथे ओळख आगाऊ हाती दिलेली होती, शोधायची नव्हती. दुसरे मत मूकपटांच्या आरंभकाळाकडे बोट दाखवते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. साधारण १९०८ ते १९१० या काळात अमेरिकी चित्रपटकंपन्या नटांची नावे सहसा जाहीर करीत नसत. तरीही प्रेक्षक एकच चेहरा निरनिराळ्या लघुपटांत ओळखू लागले. नाव ठाऊक नसल्याने त्यांनी कंपनीच्या नावावरूनच नटींना नावे दिली : फ्लॉरेन्स लॉरेन्स ही ‘बायोग्राफ गर्ल’, तर फ्लॉरेन्स टर्नर ही ‘व्हायटाग्राफ गर्ल’. नावाशिवाय, भूमिकेपलीकडे, केवळ चेहऱ्यावरून झालेली ही ओळख आजच्या सवयीची थेट पूर्वज ठरते.

लॉरेन्सच्या नावाच्या प्रसिद्धीची कथा अनेक ग्रंथांत ठरावीक स्वरूपात येते. कार्ल लेमली या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत आणले, तिच्या अपघाती मृत्यूची अफवा उठली आणि मार्च १९१० मध्ये लेमलीने जाहिरात देऊन ती खोडून काढली. येथूनच नटाला नाव मिळाले, असे सांगितले जाते. अफवाही त्यानेच पसरवली असावी असा तर्क आहे. रिचर्ड डिकॉर्डोव्हा या चित्रपट-इतिहासकाराने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही एका माणसाच्या कल्पकतेची कथा अपुरी ठरवली. काही कंपन्या त्याआधीच नटांची नावे छापू लागल्या होत्या आणि नावाची मागणी प्रेक्षकांत मूळ धरून होती, हे त्याचे प्रतिपादन आता बहुतांशी स्वीकारले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की नटाला ओळखण्याची ओढ आधीची आणि नामावली नंतरची.

तिसरे मत ही सवय दूरचित्रवाणीपासूनच मोजते. उगमाबाबत ते टिकत नाही, मात्र तिच्या आजच्या रूपाबाबत त्यात तथ्य आहे. चित्रपटातील चेहरा दोन-तीन तासांत नजरेआड होतो. मालिकेतील चेहरा आठवड्यातून एकदा किंवा रोज, वर्षानुवर्षे घरात येतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या संशोधकांनी १९५६ मध्येच पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी पण घनिष्ठ नाते जुळते त्याचे वर्णन केले होते. या नात्यामुळेच परक्या भूमिकेत दिसलेल्या नटाला पाहून एखादा परिचित भेटल्यासारखा आनंद होतो.

ओळखीची प्रक्रिया : चेहरा परिचित वाटणे आणि तो कोणाचा हे कळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : बसमध्ये एक माणूस दिसतो, तो नक्की ओळखीचा आहे अशी खात्री वाटते, पण कोण ते उमगत नाही, बऱ्याच वेळाने लक्षात येते की हा तर नेहमीचा खाटीक. दुकानाबाहेर, सुरी आणि फळीवाचून, चेहऱ्याला त्याचा संदर्भ उरलेला नसतो. मालिकेतील नट दुसऱ्या भूमिकेत दिसतो तेव्हा नेमके हेच घडते. दिवाणखाना, पोशाख, सहकलाकार, शीर्षकगीत हे सारे गळून पडते आणि मागे फक्त चेहरा राहतो.

अँड्र्यू यंग, डेनिस हे आणि अँड्र्यू एलिस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ जणांकडून रोजच्या जीवनातील ओळखीच्या चुकांची दैनंदिनी लिहून घेतली होती. चुका ठरावीक क्रमाने पडत होत्या. चेहरा परिचित वाटतो पण काहीच आठवत नाही, अशा नोंदी मिळाल्या. व्यक्तीचा व्यवसाय आठवतो पण नाव आठवत नाही, अशाही विपुल मिळाल्या. मात्र नाव आठवले आणि व्यक्तीविषयी दुसरे काहीच ठाऊक नाही, अशी नोंद आढळली नाही. प्रेक्षकांचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. ‘ती डॉक्टरीण झाली होती ती’, ‘खलनायकाचा धाकटा भाऊ’ ही ओळख आधी येते. पात्राचे नाव त्यानंतर येते आणि नटाचे खरे नाव पुष्कळदा येतच नाही.

या निरीक्षणांवरून व्हिकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग यांनी १९८६ मध्ये टप्प्याटप्प्यांचे प्रारूप मांडले. त्यात प्रथम साठवलेल्या चेहऱ्याशी मेळ, मग व्यक्तीविषयीची माहिती आणि शेवटी नाव असा क्रम आहे. परिचयाची भावना पहिल्याच टप्प्यावर उमटते, असे त्यांचे मत होते. माइक बर्टन, ब्रूस आणि रॉबर्ट जॉन्स्टन यांनी १९९० मध्ये या प्रारूपाला परस्परोत्तेजक जाळ्याचे, म्हणजे एकमेकांना जागे करणाऱ्या जोडलेल्या घटकांचे, रूप दिले, तेव्हा परिचयाचा निर्णय एक पायरी पुढे, स्मृतीत त्या-त्या व्यक्तीसाठी असलेल्या केंद्राशी नेला. चेहरा, आवाज आणि नाव या तिन्ही वाटा त्या केंद्रात येऊन मिळतात. केंद्र जागे झाले पण त्याला जोडलेली माहिती पुरेशी जागी झाली नाही, म्हणजे ‘कुठेतरी पाहिलंय’ ही अवस्था. मालिका-कलावंतांच्या बाबतीत दुसरी मांडणी अधिक उलगडा करते. आवाज ऐकताच अडलेली ओळख एकदम सुटते, हा सार्वत्रिक अनुभव पहिल्या मांडणीत तितक्या सहज बसत नाही. एकट्या आवाजावरून मात्र माणूस ओळखणे कठीण असते. परिचित वाटणे पण कोण ते न कळणे ही अवस्था चेहऱ्यापेक्षा आवाजाच्या बाबतीत जास्त वेळा येते, असे रिचर्ड हॅन्ली व त्याच्या सहकाऱ्यांच्या १९९८ मधील प्रयोगांत दिसून आले.

चेहऱ्याचा कोणता भाग ओळखीला उपयोगी पडतो हेही परिचयावर अवलंबून असते. हेडन एलिस, जॉन शेपर्ड आणि ग्रॅहॅम डेव्हिस यांनी १९७९ मध्ये दाखवले की परिचित चेहरा डोळे, नाक, तोंड या आतल्या भागांवरून अधिक चांगला ओळखला जातो, तर अपरिचित चेहऱ्यासाठी केस आणि बाह्यरेषा यांना निदान तितकेच महत्त्व असते. टोप, दाढी, पांढरे केस यांनी मुख्य नट लपत नाही पण मालिकेच्या चार भागांपुरता आलेला सहनट पूर्ण लपतो, याचे कारण येथे सापडते. रॉब जेन्किन्स आणि सहकारी यांचा २०११ मधील प्रयोग याहून बोलका आहे. नेदरलँड्समधील दोन प्रसिद्ध महिलांची प्रत्येकी २० अशी ४० छायाचित्रे ब्रिटनमधील लोकांना देऊन व्यक्तीनुसार गठ्ठे करायला सांगितले. त्या चेहऱ्यांशी परिचय नसलेल्यांनी बहुधा सात-आठ गठ्ठे केले. नेदरलँड्समधील प्रेक्षकांना दोनच गठ्ठे करणे जवळजवळ निर्दोष जमले. एकाच माणसाची रूपे किती भिन्न असतात आणि ती एकत्र बांधण्याचे काम दीर्घ परिचय कसे करतो, हे यातून दिसते. वर्षानुवर्षे चाललेली मालिका प्रेक्षकाला नेमका हाच परिचय देते : नट हसताना, रडताना, आजारी, तरुण, वयस्क, निरनिराळ्या प्रकाशात आणि कोनांतून.

मेंदूच्या पातळीवर याला पूरक असे एक निरीक्षण आहे. रॉड्रिगो कियान किरोगा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अपस्माराच्या रुग्णांतील एकेका चेतापेशीची नोंद घेतली. एका रुग्णातील पेशी जेनिफर अ‍ॅनिस्टन हिच्या निरनिराळ्या छायाचित्रांना प्रतिसाद देत होती. दुसऱ्या दिवशी तीच पेशी ‘फ्रेंड्स’ या मालिकेतील (१९९४–२००४) तिची सहकलाकार लिसा कुड्रो हिच्या छायाचित्रांनाही प्रतिसाद देताना आढळली. एका पेशीवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण मालिकेतील संच प्रेक्षकाच्या स्मृतीत एकत्र गुंफलेला असतो, या कल्पनेला त्यातून आधार मिळतो. एका मालिकेतील दोन नट दुसऱ्या चित्रपटात एकत्र आले की दोघेही लवकर ओळखू येतात, त्याचा उलगडाही कदाचित येथेच आहे.

या क्षमतेत माणसामाणसांत मोठा फरक असतो. चेहरे ओळखता न येण्याच्या विकाराला योआखिम बोडामर याने १९४७ मध्ये नाव दिले. तो असलेल्यांना मालिकेचे कथानकही समजणे जड जाते, कारण पोशाख बदलताच पात्र हरवते. दुसऱ्या टोकाला असामान्य ओळखशक्ती असलेली माणसे आहेत. रिचर्ड रसेल, ब्रॅड डुशेन आणि केन नाकायामा यांनी २००९ मध्ये अशा चौघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका चाचणीत प्रसिद्ध व्यक्तींची प्रसिद्धीपूर्व, बरीचशी बालपणीची छायाचित्रे ओळखायची होती. वर ज्याला मागच्या दिशेची ओळख म्हटले, तिचेच हे प्रयोगशाळेतील रूप.

भूमिकेचा ठसा : ओळख पटणे आणि नवी भूमिका पटणे यांत तणाव असतो. ‘मार्कस वेल्बी, एम.डी.’ (१९६९–७६) या अमेरिकी मालिकेत डॉक्टर झालेल्या रॉबर्ट यंगला वैद्यकीय सल्ला मागणारी पत्रे मोठ्या संख्येने येत. पात्राचे गुण नटाला चिकटवण्याची ही प्रवृत्ती नुरित ताल-ऑर आणि येल पापिरमन यांनी २००७ मध्ये प्रयोगाने दाखवून दिली. अरुण गोविल ‘रामायण’ मालिकेपूर्वी (१९८७–८८) ‘विक्रम और बेताल’मध्ये विक्रमादित्य झाले होते, परंतु ठसा उमटला तो रामाचाच आणि नंतरची प्रत्येक भूमिका त्याच्या तुलनेत पाहिली गेली. याच्या उलट दिलीप प्रभावळकर. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुंबई दूरदर्शनवर चिमणराव, २००१ पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा आणि २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी. तिन्ही एकाच नटाची रूपे आहेत हे अनेकांना सांगावे लागते. नट ओळखू न येणे ही येथे अभिनयाला दिलेली सर्वांत मोठी दाद ठरते, आणि ओळखीचा छंद असलेल्या प्रेक्षकाने तीही मोकळ्या मनाने द्यायला हवी.

एकाच मालिकेत दुसरी भूमिका : दीर्घ मालिकांत तोच नट पुन्हा वेगळ्या भूमिकेत येतो. न्यूयॉर्कमध्ये चित्रित झालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये जेरी ऑरबाख आधी एका भागात बचावपक्षाचा वकील होता, पुढे तोच पोलीस तपास अधिकारी लेनी ब्रिस्को म्हणून बारा वर्षांच्या आसपास राहिला. ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’च्या २००८ मधील पाँपेई नगराच्या भागात कॅरन गिलन आणि पीटर कपाल्डी दोघेही किरकोळ-दुय्यम भूमिकांत होते. गिलन २०१० मध्ये नायकाची सहप्रवासी झाली आणि कपाल्डी २०१३ मध्ये स्वतः नायक. या मालिकेचा नायक वेळोवेळी नवा चेहरा धारण करतो. प्रेक्षकांनी ओळखलेला कपाल्डीचा चेहरा लेखकांनी नाकारला नाही. २०१५ मधील एका भागात नायकाने हाच चेहरा का निवडला याचे कारण कथेतच दिले. प्रेक्षकांची ओळख कथानकाला वळण देते, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा. दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’मध्ये (१९८४) सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नव्या पात्राच्या वेषात येत. तेथे ओळखणे हाच करमणुकीचा भाग होता.

पडताळणी : तर्क खरा की खोटा हे श्रेयनामावली ठरवते. तिच्यात न आलेल्या भूमिका, समान नावाचे दोन नट आणि भाषांतरित आवृत्तीतील परका आवाज या तिन्हींमुळे घोटाळे होतात. १९९० मध्ये कोल नीडहॅम याने संगणक-चर्चागटातील रसिकांनी जमवलेल्या नटनट्यांच्या याद्यांवर शोधण्याजोगी व्यवस्था उभी केली. पुढे ती इंटरनेट मूव्ही डेटाबेस म्हणून ओळखली गेली आणि १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. म्हणजे हा संदर्भकोश मुळात नट ओळखण्याच्या हौसेतूनच जन्मला. २०१२ पासून अ‍ॅमेझॉनच्या एक्स-रे या सोयीने चालू दृश्यातील कलावंतांची नावे पडद्यावरच मिळू लागली. चुटपुट क्षणात मिटते, हा तिचा लाभ. पण आठवण्याचा अवकाशही त्याच क्षणी संपतो. याउलट अनेक वाहिन्यांवर शेवटची नामावली आक्रसून कोपऱ्यात सरकवली जाते आणि प्रवाही (स्ट्रीमिंग) मंचांवर ती संपण्याआधीच पुढचा भाग सुरू होतो. याचा फटका मुख्य नटांना बसत नाही. एका दृश्यापुरत्या आलेल्या, उद्या कदाचित ओळखल्या जाणाऱ्या कलावंताच्या कामाचा प्रेक्षकासमोर येणारा पुरावा बहुधा तेवढाच असतो. ती नामावली वाचता येईल अशी दाखवणे हे प्रक्षेपकाचे कर्तव्य मानले पाहिजे.