बाळंतपणाच्या कळांसाठी टेन्स यंत्र घेताना

टेन्स यंत्राची चौकशी करायला येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्यासाठी हे पत्रक आहे. फोनवर सगळं सांगून होत नाही, आणि दुकानात चारचौघांसमोर काही प्रश्न विचारायचे राहून जातात. पत्रक घरी नेऊन सावकाश वाचा आणि पुढच्या तपासणीला जाताना सोबत ठेवा. तुमच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय आम्ही यंत्र देत नाही.

यंत्र काय करतं

टेन्स म्हणजे मुठीत मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं यंत्र. त्याच्या वायरींना चिकट पट्ट्या जोडलेल्या असतात. पट्ट्या पाठीला लावल्या की कातडीतून विजेचे अगदी सौम्य ठोके जातात आणि त्या जागी झिणझिण्या येतात. आपलं कुठे दुखलं-खुपलं की हात आपोआप तिथे जातो आणि चोळल्यावर बरं वाटतं. स्पर्शाची जाणीव नेणारे मज्जातंतू जागे झाले की मणक्यातल्या मज्जारज्जूपाशी वेदनेचा संदेश काही प्रमाणात अडतो, असा विचार रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. टेन्स त्याच विचारावर उभं आहे. प्रसूतीत त्याचा वापर १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाला, आणि आज ब्रिटनमध्ये अनेक जणी असं यंत्र भाड्याने घेऊन घरीच वापरायला सुरुवात करतात. आपल्याकडे फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गुडघ्याला किंवा कंबरेला लावतात ते यंत्र याच जातीचं.

किती अपेक्षा ठेवावी

हे आम्ही विक्रीआधीच सांगतो. टेन्सने कळा थांबत नाहीत, कंबर बधिर होत नाही. एपिड्युरलने, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ देतात त्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनने, मिळतो तसा आराम याने मिळणार नाही. कॉक्रेन या संस्थेने २००९ साली १९ अभ्यासांचा, म्हणजे १,६७१ स्त्रियांच्या अनुभवाचा एकत्र आढावा घेतला. टेन्स लावलेल्या आणि न लावलेल्या स्त्रियांनी सांगितलेल्या वेदनेत फारसा फरक आढळला नाही. तरीही यंत्र वापरलेल्यांपैकी बहुतेकींनी पुढच्या बाळंतपणात ते पुन्हा वापरायची तयारी दाखवली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर कळा पक्क्या सुरू झाल्यावर टेन्स देऊ नये असं म्हटलं होतं.

मग आम्ही ते का ठेवतो? सुरुवातीच्या तासांसाठी. कळा सुटल्या आहेत, पण अंतराने येताहेत, दवाखान्यातून सांगितलंय की अजून घरीच थांबा, आणि कंबर मात्र भरून येते आहे. त्या काळात औषधाविना, चालता-फिरता, स्वतःच्या हातात राहील असं काहीतरी जवळ असणं अनेकींना मोलाचं वाटतं. नको वाटलं तर यंत्र बंद केलं की संपलं. अंगात काही उरत नाही. एवढ्यासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या. एपिड्युरल टळावं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

यंत्र निवडताना

सर्वांत आधी पाहायचं ते कळेचं बटण. प्रसूतीसाठी बनवलेल्या यंत्रात एक मोठं बटण असतं. दोन कळांच्या मधल्या वेळात ठोके थांबून थांबून येतात. कळ सुरू होताना बटण दाबलं की ते सलग आणि जोरकस होतात, ओसरली की पुन्हा दाबून पहिल्यासारखे. हे बटण अंगठ्याला न बघता सापडलं पाहिजे. आमच्याकडे आलात की डोळे मिटून, एका हाताने दाबून बघा. कळ ऐन भरात असताना पडद्यावरची बारीक अक्षरं वाचून तीन बटणं दाबायला कोणालाही सुचत नाही. पडद्यावर दहा प्रकारचे कार्यक्रम असण्यापेक्षा हे एक बटण नीट असणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, यंत्राला दोन वायरी आणि चार पट्ट्या हव्यात, आणि दोन्ही वायरींचा जोर वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. पट्ट्या लांबट आणि मोठ्या असाव्यात. गुडघ्याच्या लहान चौकोनी पट्ट्या पाठीला अपुऱ्या पडतात. वायर लांब असावी आणि गळ्यात अडकवायला दोरी असावी, म्हणजे येरझाऱ्या घालताना यंत्र हातातून पडत नाही. साध्या सेलवर चालणारं यंत्र आम्ही जास्त सुचवतो. गावाकडे माहेरी बाळंतपणाला जाणार असाल आणि वीज गेली, तर सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. कळांचं अंतर मोजणारं घड्याळ यंत्रात असलं तर ठीक. नसलं तरी ते काम मोबाइलवर होतं.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे फुलपाखराच्या आकाराचे मसाजर यासाठी घेऊ नका. त्यांतले बरेच स्नायू आकुंचित करण्यासाठी, म्हणजे ईएमएस प्रकारचे असतात. खोक्यावर टेन्स लिहिलेलं असूनही ठोक्यांचा वेग, ठोक्याचा जोर यांची काहीच माहिती नसेल तर ते परत ठेवा. भारतात अशी उपकरणं मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली येतात. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का ते बघा, आणि पावती घ्या.

घरात आजींच्या गुडघ्यासाठी घेतलेलं चार पट्ट्यांचं टेन्स यंत्र असेल तर नवीन घेण्याची घाई करू नका. ते इकडे घेऊन या. सेकंदाला ८० ते १०० ठोके आणि प्रत्येक ठोक्याची २०० मायक्रोसेकंदांच्या आसपासची लांबी त्यावर ठेवता येत असेल, तर डॉक्टरांना विचारून तेच चालेल; फक्त मोठ्या नवीन पट्ट्या घ्या. कळेचं बटण नसल्याने जोर हाताने वाढवावा लागेल, तेवढीच गैरसोय.

कोणी वापरू नये

हृदयात पेसमेकर किंवा शरीरात विजेवर चालणारं दुसरं उपकरण असेल तर अजिबात नाही. अपस्मार म्हणजे फिट्सचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय नाही. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी कळांसाठी वापरू नये. त्याआधी पोटात कळा आल्या तर त्या यंत्राने दाबू नका, थेट दवाखाना गाठा. गरोदरपणातल्या साध्या कंबरदुखीसाठीसुद्धा आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. बऱ्याचदा व्यायामाने आणि बसण्या-झोपण्याच्या सवयी बदलून काम भागतं. गरोदरपणात पट्ट्या पोटावर कधीही लावायच्या नाहीत. मानेच्या पुढच्या बाजूला, पायाच्या घोट्याजवळ, किंवा कातडी फुटली, पुरळ उठलं असेल तिथेही नाहीत.

लावायचं कसं

दोन पट्ट्या ब्रेसियरच्या पट्टीच्या जरा खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. उरलेल्या दोन खाली, कंबरेच्या शेवटी दोन बारीक खळगे दिसतात त्या पातळीवर. ऐन मणक्यावर लावायची नाही. हे स्वतःचं स्वतःला जमत नाही, म्हणून सोबत राहणाऱ्या बाईने किंवा नवऱ्याने ३७ आठवड्यांनंतर एकदा लावून, काढून सराव करावा.

त्या दिवशी पाठीला तेल लावू नका, ही आमची खास विनंती. आपल्याकडे कळा सुरू झाल्या की कुणीतरी प्रेमाने कोमट तेलाने कंबर चोळायला घेतं, आणि मग पट्ट्या काही केल्या चिकटत नाहीत. आधीच चोळलं असेल तर साबणाने धुऊन पाठ कोरडी करा. कोकणात, मुंबईत घामाने पट्टी सुटते. पुसून पुन्हा दाबा.

यंत्र बंद असतानाच पट्ट्या लावायच्या आणि काढायच्या. जोर शून्यापासून हळूहळू वाढवा. झिणझिण्या स्पष्ट जाणवाव्यात, पण दुखू नये. कळा सुरू झाल्या की लवकर लावा, कारण अंगाला सवय होऊन उपयोग कळायला अर्धा-एक तास जातो. अगदी शेवटी लावलेलं यंत्र बहुतेकींना नुसता त्रास वाटतो.

अंघोळीला किंवा शॉवरखाली जाताना सगळं काढून ठेवा. गाडी चालवताना वापरू नका. बाळाचे ठोके मोजण्याच्या मशीनमध्ये व्यत्यय येतोय असं नर्सने सांगितलं तर लगेच बंद करा. एपिड्युरल देताना किंवा सिझेरियनला नेताना पट्ट्या काढाव्याच लागतात. काही दवाखान्यांत प्रसूतिगृहात स्वतःचं यंत्र आणू देत नाहीत, तेव्हा हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा.

भाडं की खरेदी

एकाच बाळंतपणासाठी हवं असेल तर भाड्याने घेणं परवडतं. ३७ व्या आठवड्यापासून नेता येतं आणि तारीख उलटून बाळ उशिरा आलं तरी त्याचे जादा पैसे आम्ही घेत नाही. पट्ट्या मात्र प्रत्येकीला नवीन, बंद पाकिटातल्याच मिळतील. दुसरीने वापरलेल्या पट्ट्या कोणाकडूनही घेऊ नका, बहिणीकडूनही नाही. यंत्र परत करताना पट्ट्या घरीच टाकून द्या, सेल काढा आणि वायरी गुंडाळून पाकिटात ठेवा. बाळंतिणीने स्वतः येण्याची गरज नाही. पावती दाखवून घरचं कोणीही अनामत रक्कम घेऊन जाऊ शकतं.